सात वाजून दहा मिनिटांचं कार्ड

“वृंदा, मी हेडमिस्ट्रेस आहे,” परचुरेबाई म्हणाल्या. “कॉपी केली म्हणून मी पोरांना बाकावर उभं करते. आणि तू मला जनरल मॅनेजरला फसवायला सांगतेस?”

“फसवायचं कुठे आहे, बाई? नुसती सही घ्यायची आहे.”

“फसवणारे सहीच घेतात. दुसरं काय घेतात?”

क्लबच्या व्हरांड्यात आम्ही दोघीच होतो. बाई चिंचेच्या कोळाने चांदीचा चषक घासत होत्या. दर वर्षी स्पर्धेच्या आदल्या शनिवारी त्या स्वतः तो घासायच्या, दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायच्या नाहीत. चषक म्हणजे मुळात त्यांच्या माहेरचा पाणी प्यायचा तांब्या. परचुरेसाहेब गेल्यावर बाईंनी सोनाराकडून त्याला दोन कान बसवून घेतले, खाली लाकडी बैठक लावली आणि साहेबांच्या नावाने क्लबला देऊन टाकला. साहेब आमच्या सिमेंट कारखान्याचे मुख्य रसायनज्ञ होते आणि गोल्फसाठी वेडे होते.

हे सगळं शहाऐंशी सालचं. विदर्भाच्या टोकाला चुनखेडी नावाची आमची वसाहत. एका परदेशी इंजिनिअरने कधीकाळी तिथे नऊ होलचं गोल्फचं मैदान आखलं आणि तो निघून गेला. गवत उन्हाळ्यात टिकायचं नाही, म्हणून प्रत्येक होलभोवती वाळूत जळकं इंजिन ऑइल कालवून गोल चोपून काढलेला असायचा. जग त्या जागेला ग्रीन म्हणतं, आम्ही ब्राऊन म्हणायचो. तिथून चालून आलं की चपलांचे काळे ठसे घरभर उमटायचे, आणि गोल्फवरून वसाहतीत जेवढी भांडणं झाली त्यातली निम्मी या ठशांवरून झाली.

मी क्लबची टायपिस्ट होते. नोकरी टायपिंगची, पण स्पर्धांची नोंदवही, कार्डं, निकाल, सगळं माझ्याच गळ्यात होतं. वय चोवीस. स्वभाव आजही तोच आहे, पण तेव्हा तो झाकायची अक्कल नव्हती.

आता आमचे जनरल मॅनेजर भडकमकरसाहेब, त्यांच्याबद्दल सांगते. उंच, ताठ, इस्त्री मोडू नये म्हणून कमी बसणारे. जर्मनीत सहा महिने ट्रेनिंगला जाऊन आले होते आणि तिथून एकच गोष्ट कायमची घेऊन आले होते: इंग्रजी सात लिहिताना त्याच्या पोटात एक आडवा काप द्यायचे. कारखान्याच्या ऑर्डरींपासून किराण्याच्या यादीपर्यंत त्यांचा प्रत्येक सात कापलेला. आम्ही त्यांच्या माघारी हसायचो. खेळ मात्र त्यांचा चांगला होता, हे शत्रूही कबूल करायचे. हरणं त्यांना जमत नसे. कॅरममध्ये स्वतःच्या बायकोकडून हरले तर त्या दिवशी जेवताना बोलायचे नाहीत.

परचुरे चषकाची आमची पद्धत अशी होती की, जानेवारीतल्या एका रविवारी दिवसभर मैदान खुलं. नऊ होलच्या दोन चकरा म्हणजे एक फेरी. सकाळपासून अंधार पडेपर्यंत हव्या तेवढ्या फेऱ्या खेळा, आणि ज्यात सगळ्यात कमी फटके लागले ते कार्ड द्या. भडकमकरसाहेब तीन फेऱ्या खेळायचे. दोन वर्षं लागोपाठ तेच जिंकले. पण दुसऱ्या वर्षी वर्कशॉपमधले फिटर पाशाभाई मुलाणी रात्रपाळी संपवून थेट मैदानावर आले, त्यांनीही तीन फेऱ्या काढल्या, आणि फक्त एका फटक्याने हरले. पाशाभाईंना गोल्फ परचुरेसाहेबांनी शिकवलेला. ते जाताना भडकमकरसाहेबांना म्हणाले, “पुढल्या वर्षी आदल्या रात्रीची पाळी नाही घेणार जी. मग चार फेऱ्या मारतो.”

महिन्याभरात साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि नवा नियम सांगितला. मी शब्दशः टाइप केला, म्हणून अजून पाठ आहे: ‘एका दिवशी एका खेळाडूची एकच फेरी धरली जाईल. क्लबच्या मैदानावर त्या दिवशी, स्पर्धा कोणतीही असो, ज्या कार्डावर खेळाडूने सही करून पहिला चेंडू मारला तीच त्याची फेरी. नंतरची कार्डं नोंदवू नयेत. सही व सुरुवातीची वेळ, दोन्ही खेळाडूच्या स्वतःच्या हातची असावी. अन्यथा कार्ड रद्द.’

“स्पर्धा कोणतीही असो, हे कशाला, सर?” मी विचारलं.

“उद्या कुणी म्हणेल, सकाळची फेरी कामगारांच्या स्पर्धेतली होती, ती धरू नका. पळवाट ठेवायची नाही, मिस वाकणकर.”

मी मान डोलावली. पळवाटेचा मला त्यांच्याइतकाच तिटकारा होता, पण त्यांच्याच नियमात त्यांना अडकवायची कल्पना माझ्या डोक्यात तिथे, त्या खुर्चीतच आली.

कारण चषकाच्या कागदपत्रात एक कलम होतं. सलग तीन वर्षं जिंकणाऱ्याला चषक कायमचा द्यावा. साहेबांची दोन वर्षं झाली होती. पुण्याच्या बंगल्यात त्यासाठी सागवानी शोकेस करून घेतल्याचं ते चारचौघांत सांगत होते.

“ते कलम तुम्ही मान्य तरी कसं केलंत?” मी त्या शनिवारी बाईंना विचारलं.

बाईंचा हात थांबला. “हे जाऊन तेरा दिवस झाले होते. कुणीतरी कागद पुढे केला, म्हणालं, इथे सही करा. मी केली.” मग त्या चषकाकडे न बघता म्हणाल्या, “शाळेतून येताना काचेतून दिसतो ना, तेवढं मला पुरतं. पुण्याला गेला तर कुठे बघायला जाऊ?”

“मग साहेबांना सांगा तसं.”

“मी? भीक मागू? दिलेली वस्तू परत मागत नाही मी.”

“तर मग सही,” मी म्हटलं. “तुमची कुणी न वाचता घेतली होती. आपण त्यांची तशीच घेऊ. म्हणजे फिटंफाट.”

बाई बराच वेळ चिंच चोळत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, “नारळ कोण आणणार?”

नारळाची भानगड अशी की त्याच रविवारी सकाळी महिला मंडळाने गोल्फ स्पर्धा ठेवली होती. संक्रांतीचं हळदीकुंकू आणि गोल्फ, दोन्ही एकत्र. कल्पना माझीच, हे सांगायला नको. तीन होल, नऊवारी सक्तीची, वाणात गोल्फचा एकेक चेंडू. बाई एरवी हळदीकुंकवाला येत नसत, त्यांना कुणी बोलावतही नसे. पण नोंदणीच्या टेबलावर हेडमिस्ट्रेस हवी, असा मी मंडळात हट्ट धरला. आणि उद्घाटनाला प्रमुख पाहुणे अर्थातच जनरल मॅनेजर. नारळ फोडायचा, पहिला चेंडू मारायचा आणि मग साडेआठला आपली खरी फेरी सुरू करायची, असा त्यांचा कार्यक्रम मी स्वतः टाइप करून दिला होता.

रविवारी सातला साहेब पांढरी पँट, पांढरे बूट अशा थाटात हजर. पन्नासेक बायका नऊवारीत, हातात काठ्या. काहींनी काठीलाही हळदीकुंकू लावलं होतं. साहेबांनी नारळ फोडला. मी बाईंकडे बघितलं. बाईंच्या टेबलावर घासूनपुसून लखलखीत केलेला चषक, त्याच्या शेजारी नोंदवही, आणि वहीत महिला मंडळाच्या स्पर्धेचं पहिलं कार्ड चिकटवलेलं.

“साहेब, पहिलं कार्ड प्रमुख पाहुण्यांचं,” बाई म्हणाल्या. आवाज शाळेच्या प्रार्थनेतला, जरासुद्धा हलला नाही. “इथे सही करा.”

साहेबांनी पेन घेतलं. आणि सही करायची सोडून त्यांनी चषक उचलला.

“इतक्या जवळून कधी बघितलाच नाही. हा पोचा कसला?”

“ह्यांच्या हातचा,” बाई म्हणाल्या. “तिसऱ्या होलला मी पाणी पीत उभी होते. ह्यांनी मारलेला चेंडू सरळ तांब्यावर आला. आठ दिवस माझ्याशी बोलायला घाबरत होते.”

“तांब्या? हा तांब्या आहे?”

“माझ्या माहेरचा. कान नंतर लावलेत.”

साहेब अंगठ्याने तो पोचा चाचपत उभे राहिले. मी आतल्या आत जळत होते. सही करा ना एकदाची, तांब्याचा इतिहास कशाला हवा तुम्हाला! तेवढ्यात मागे आरडाओरडा झाला. क्लबचं कुत्रं फुटलेल्या नारळाचं अर्धं भकल तोंडात धरून पळालं होतं आणि प्रसादाचा नारळ म्हणून चारपाच जणी नऊवारी सावरत त्याच्या मागे. मीही धावले. भकल मिळालं, पण कुणाच्या तोंडात घालण्यालायक उरलं नव्हतं.

परत आले तोवर साहेब पहिल्या फटक्याच्या जागेवर, टीवर, उभे होते. त्यांनी चेंडू मारला. काय सुंदर गेला! बायकांनी टाळ्या वाजवल्या. बाईंनी माझ्याकडे बघून हळूच मान हलवली. सही झाली होती. मी नोंदवही मिटून सरळ कपाटात कुलूपबंद केली.

साडेआठला साहेबांनी चषकासाठी दुसऱ्या कार्डावर सही करून खरी फेरी सुरू केली. आणि त्या दिवशी ते जे खेळले, तसं चुनखेडीत कुणी कधी खेळलं नाही. सहाव्या होलला त्यांचा चेंडू बाभळीच्या बुंध्यात गेला, तर तो त्यांनी पाठमोरं उभं राहून बाहेर काढला. लोक कामं सोडून मागे मागे फिरायला लागले. अठरा होल त्र्याहत्तर फटक्यांत. मैदानाचा विक्रम. पाशाभाई दुपारी खेळले, अगदी मन लावून, आणि शहात्तरवर थांबले. मला मात्र दिवसभर बरं वाटत नव्हतं. वाईट खेळले असते तर गंमत वाटली असती. एवढं चांगलं खेळणाऱ्या माणसाचे पाय ओढणं इतकं जड जातं, हे मला आधी माहीत नव्हतं.

पाच वाजता व्हरांड्यात सगळे जमले. साहेब चषकाशेजारी उभे. मी उठले.

“सर, एक अडचण आहे.”

“कसली?”

“आपण आज सकाळी महिला मंडळाच्या स्पर्धेत कार्डावर सही करून पहिला चेंडू मारलात. नियमाप्रमाणे आजची आपली फेरी तीच.”

कुणीतरी तोंडातल्या तिळाच्या लाडवासकट फसकन हसलं आणि लगेच गप्प झालं. साहेबांनी माझ्याकडे बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं.

“नियम वाचा, मिस वाकणकर. सगळा.”

मी वाचला. ‘स्पर्धा कोणतीही असो’ला माझा आवाज जरा चढलाच. आणि शेवटच्या ओळीला तो बसला. सही व सुरुवातीची वेळ, दोन्ही खेळाडूच्या स्वतःच्या हातची. अन्यथा कार्ड रद्द.

“वेळ लिहिली आहे?” साहेबांनी विचारलं. “माझ्या हातची?”

वेळ! वर्षभर मी सहीचा विचार केला होता. वेळेचा रकाना माझ्या ध्यानातच नव्हता. स्वतः टाइप केलेला नियम, पाठ असलेला, आणि नेमकं तेच विसरले होते. वेळ नाही म्हणजे कार्ड रद्द, म्हणजे त्र्याहत्तरची फेरी खरी, म्हणजे तांब्या पुण्याला. मी कपाटातून नोंदवही काढली आणि ते पान उघडलं.

रकान्यात वेळ होती. सात वाजून दहा.

मी बाईंकडे बघितलं. बाई छताच्या पंख्याकडे बघत होत्या, जसा काही तो पहिल्यांदाच बघताहेत. माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. बाईंनी लिहिली! ज्या बाई शाईचा डाग पडला तरी पोरांना पान पुन्हा लिहायला लावायच्या, त्या परचुरेबाईंनी जनरल मॅनेजरचं अक्षर काढलं!

“बघू,” साहेब म्हणाले.

त्यांनी चष्मा लावला. वही जवळ धरली, लांब धरली, उजेडाकडे तिरकी केली. बाईंची आणि माझी नोकरी माझ्या डोळ्यांपुढे एकत्रच गेली.

“हो,” साहेब म्हणाले. “माझंच अक्षर. निकाल सांगा.”

“एक फटका... आणि पुढे फेरी अपूर्ण,” मी कशीबशी म्हणाले. “बाद.”

साहेबांनी खिशातून त्र्याहत्तरचं कार्ड काढलं आणि शांतपणे त्याचे चार तुकडे केले. ‘नंतरची कार्डं नोंदवू नयेत.’ पाशाभाई पुढे यायलाच तयार होईनात.

“नाही जी साहेब, हे बरं नाही वाटत. त्र्याहत्तर म्हणजे त्र्याहत्तर. सगळ्या गावानं पाह्यलं.”

“पाशाभाई, नियम माझा आहे. घ्या तो तांब्या,” साहेब म्हणाले.

सोमवारी त्यांनी केबिनमध्ये बोलावलं तेव्हा मी राजीनामा टाइप करूनच नेला होता. त्यांनी वरसुद्धा बघितलं नाही. “नियमात भर घाला. प्रमुख पाहुण्यांनी फक्त नारळ फोडावा. जा.” पुढच्या स्पर्धेआधी त्यांची पुण्याला बदली झाली आणि सलग तीन वर्षांचा प्रश्नच मिटला.

बाईंशी मी त्या वेळेबद्दल कधीच बोलले नाही. काय बोलणार? एका हेडमिस्ट्रेसला तुमचं खोटं अक्षर फार सुरेख होतं, असं कसं म्हणायचं? मनातून मात्र मी त्यांच्यापुढे हात टेकले होते.

बावीस वर्षांनी कारखाना बंद झाला. क्लबचं सामान निघालं तेव्हा मी दोन वस्तू मागून घेतल्या, नोंदवही आणि चषक, आणि त्या घेऊन नागपूरला बाईंच्या फ्लॅटवर गेले. बाई ब्याऐंशीच्या. आवाज तोच, प्रार्थनेचा. त्यांनी चषकाची लाकडी बैठक काढून टाकली, तो विसळला, पाण्याने भरला आणि उशाशी ठेवून दिला. कान राहू दिले.

मग आम्ही वही उघडली. ते पान आलं आणि इतक्या वर्षांनी माझ्या तोंडून निघूनच गेलं, “बाई, त्या दिवशी तुम्ही वेळ लिहिलीत म्हणून वाचलो.”

“मी?” बाईंनी चष्म्यावरून बघितलं. “मी कशाला लिहीन? मला तर वाटलं तू लिहिलीस. मी स्वतःला सांगत होते, पोरगी चांगली आहे, पण अक्षर काढते लोकांचं, सावध राहायला हवं.”

“मी कुत्र्याच्या मागे होते!”

“आणि मी त्यांच्यासाठी नवा चेंडू काढायला खाली वाकले होते.”

आम्ही दोघी वहीवर वाकलो. बाईंनी भिंग आणलं. इंग्रजीत लिहिलेली वेळ होती. दहाच्या आधीचा तो सात. त्याच्या पोटात एक बारीक, नीटस, आडवा काप.

बाईंनी भिंग खाली ठेवलं. मग बाई हसायला लागल्या. इतक्या हसल्या की मला त्यांना त्या तांब्यातलंच पाणी द्यावं लागलं. पाणी पिऊन झाल्यावर त्या रडत होत्या, आणि मला म्हणाल्या, “फोन लाव.”

पुण्याचा नंबर मिळवायला तासभर गेला. साहेब ऐंशीच्या पुढचे, ऐकायला कमी येत होतं, त्यामुळे बाई ओरडूनच बोलल्या. फोनचा आवाज मोठा करून आम्ही मधोमध ठेवला.

“भडकमकरसाहेब, मी परचुरे बोलतेय. चुनखेडीची. शहाऐंशी साली सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी तुम्ही काय लिहिलंत?”

पलीकडे घरघर झाली, मग साहेबांचा आवाज आला.

“मिस वाकणकर आहेत का तिथे?”

“आहे, सर,” मी म्हणाले. चोवीस वर्षांची असल्यासारखी उठून उभी राहिले.

“सापळा लावावा तर नीट लावावा. रकाना रिकामा ठेवतात का? मला भरावा लागला.”

“पण का, सर?”

“अहो, तांब्या होता तो. कुणाच्या माहेरचा तांब्या शोकेसमध्ये ठेवतात होय? मला वाटत होतं, चषक आहे.” ते थांबले. “मुद्दाम हरून बघितलं असतं, पण ते मला जमत नाही. म्हणून आधी बाद झालो आणि मग खेळलो.”

बाईंनी फोन घट्ट धरला होता. साहेबच पुन्हा बोलले, जरा हळू आवाजात, कुणी ऐकू नये असं.

“बाई, ते त्र्याहत्तर... ते कुठे लिहिलेलं आहे का हो?”

मी वही चाळली. त्याची गरज नव्हती. नंतरची कार्डं नोंदवू नयेत, हे मीच टाइप केलं होतं.

“आहे ना!” बाई ओरडल्या. “अगदी तुमच्या हातचं आहे!”

“माझ्या हातचं?”

“थांबा, बघून सांगते.”

त्यांनी फोन पदरात गुंडाळून मांडीवर ठेवला आणि माझ्याकडे हात पुढे केला. मी पेन दिलं. त्यांनी भडकमकरसाहेबांच्या सहीखाली, हात थरथरू नये म्हणून दुसऱ्या हाताने मनगट धरून, इंग्रजीत त्र्याहत्तर लिहिलं. मग जरा थांबल्या, भिंगातून वरची वेळ पुन्हा एकदा नीट बघून घेतली, आणि साताच्या पोटात काप दिला.